जुन्या फोर-बाय-फोरचे ब्रेक आणि इंधनाचे पाइप: जोडणं सोपं, बांधणं अवघड

जुना पाइप काढलात की लगेच भंगारात टाकू नका. उजेडात धरा आणि जिथे जिथे क्लिप होती तिथे नखाने खरवडून बघा. माझ्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा ब्रेक पाइप मी असाच निरखून पाहिला होता. दोन क्लिपांमधला भाग जवळजवळ नवा, वरचा हिरवट मुलामासुद्धा शाबूत. क्लिपखाली मात्र गंजाचा फुगवटा. नख लावलं तर पापुद्रा निघून खाली ओलसर काळा खड्डा. हातभर पुढे एक क्लिप कधीतरी तुटून पडलेली होती आणि पाइप चासीच्या कडेला टेकत होता. तिथे एका बाजूला चपटी, चकाकणारी, बोटाच्या पेराएवढी जागा. मुद्दाम तिथेच कापून पाहिलं. नव्या ब्रेक पाइपची भिंत साधारण ०.७ मिमी असते. इथे एका अंगाला जाड कागदाएवढी उरली होती.

जोरात ब्रेक दाबला की पाइपात १०० बारच्या आसपास दाब जातो. चांगला पाइप त्याच्या कितीतरी पट सोसतो, त्यामुळे नुसत्या दाबाने तो सहसा फुटत नाही. त्याला मारतं ते घासणं, थरथरणं आणि क्लिपखाली अडकलेला ओला चिखल. म्हणून नवा पाइप घेताना जेवढा विचार करता, त्याच्या दुप्पट विचार तो कुठे, कशाने आणि किती अंतरावर धरायचा याचा करा. माझा नियम सरळ आहे: पाइप एक तर अजिबात हलता कामा नये, नाही तर पूर्ण मोकळेपणाने हलला पाहिजे. अर्धवट हलणारा पाइप कधी ना कधी गळतो. आणि जुन्या कित्येक गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असतं; एका जागी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले.

उघडण्यापूर्वी

गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका. इंजेक्शनची गाडी असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. काचेच्या बल्बचा जुना हातदिवा घेऊन इंधनाच्या पाइपाखाली जाऊ नका. बल्ब फुटला की पेटायला तेवढं पुरतं. एलईडीची बॅटरी घ्या. अग्निशामक हाताशी ठेवा. चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड करायचे असतील तर ते काम इंधनाचा एकही जोड उघडण्याआधी उरका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात, कोपऱ्यात रेंगाळते.

नटांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. उघड्या तोंडाच्या साध्या पान्याने ब्रेकचा नट हमखास गोल होतो, म्हणून फ्लेअर नटाचा खाच असलेला रिंग पाना वापरा (फ्लेअर म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड; नट तेच दाबून धरतो). नट पाइपालाच चिकटून सोबत फिरत असेल तर झगडू नका. पाइप नटाशी कापून टाका आणि षटकोनी सॉकेट लावा. तसाही पाइप बदलायचाच आहे.

काढण्यापूर्वी फोटो काढा, आणि जमलं तर पाइप अख्खा काढा. वाकलेला असला तरी तोच नव्याचा साचा. तुकड्यांत निघाला तर मार्ग मापायला सुतळी घेऊ नका, ती वळण धरत नाही. जाडसर इलेक्ट्रिक वायर त्या वाटेने वाकवत न्या, मग सरळ करून मापा आणि वीतभर जास्त धरा.

पाइप आणि आटे

ब्रेकसाठी बहुतेक जुन्या गाड्यांना ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंची पाइप लागतो. इंधनाला ८ मिमीच्या आसपासचा, परतीच्या लाइनला अनेकदा ६ मिमी. धातूमध्ये तीन पर्याय. मुलामा दिलेलं पोलाद मजबूत आणि स्वस्त, पण मुलामा खरवडला की तिथून गंज सुरू. तांबं-निकेलचा मिश्रधातू गंजत नाही, हाताने वाकतो, फ्लेअर सुरेख बसतो. चिखला-पाण्यातल्या गाडीला मी तोच वापरतो. मऊ असल्यामुळे दगडाचा मार त्याला जास्त लागतो, पण त्यावर उपाय आहेत. स्टेनलेस दिसायला देखणं, फ्लेअर करायला मात्र हट्टी. साध्या हत्याराने त्याचा फ्लेअर तडकतो किंवा पुरता बसत नाही. शुद्ध तांब्याचा पाइप ब्रेकला घालूच नका. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस फ्लेअरच्या मुळाशी तडा जातो.

आता आट्यांची गोष्ट, कारण इथे फसगत सगळ्यात जास्त होते. १० मिमी व्यासाचा, १ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) नट आणि ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा नट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. इंची नट मिमीच्या भोकात बोटांनी सहज जातो, थोडा सैल लागतो, आवळला की धरल्यासारखाही वाटतो. पण तो आट्यांच्या टोकांवर लटकलेला असतो. एकाहून जास्त हातांतून गेलेल्या गाडीत पुढचा सिलिंडर एका मापाचा आणि मागचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, दुसऱ्या मापाचा असू शकतो. प्रत्येक भोक पिच गेजने तपासा, गृहीत धरू नका.

फ्लेअरचंही तसंच. भोकाच्या तळाशी वर आलेला शंकू दिसला तर दुहेरी, म्हणजे कड आत दुमडलेला, फ्लेअर लागेल. तळ आत खोलगट असेल तर बुडबुड्यासारखा गोल फ्लेअर. एकेरी फ्लेअर ब्रेकला चालत नाही.

पाइप करवतीने न कापता छोट्या ट्यूब कटरने कापा, दर फेऱ्याला स्क्रू थोडासाच आवळत. आतली धार काढा, तोंड कानशीने चौरस करा, भुगा हवेने फुंकून टाका. आणि फ्लेअर करण्याआधी नट पाइपात घाला. दोन्ही टोकांचे, योग्य दिशेने. हे वाचून हसू येईल, पण सुंदर फ्लेअर जमल्यावर बाकड्यावर पडलेला नट पाहून कपाळावर हात मारला नाही असा मेकॅनिक मला भेटलेला नाही. फ्लेअर एका बाजूला झुकलेला, चिरलेला किंवा अर्धवट मिटलेला दिसला तर पुन्हा कापा. जास्त आवळून गळती थांबेल ही आशा धरू नका.

वाकवताना पाइपाच्या व्यासाच्या निदान तिप्पट त्रिज्या ठेवा आणि फ्लेअरपासून पहिलं वळण इतकं दूर ठेवा की नट मागे सरकवता येईल. वळणावर चेमटलेला पाइप सरळ करून वापरू नका.

वाट कुठून काढायची

चासीची उभी भिंत, आतली बाजू, उंचीच्या वरच्या अर्ध्यात. खालून दगड आला तर आधी चासीला लागावा. इंग्रजी सी आकाराच्या चासीत मात्र खालच्या पत्र्याच्या पन्हळीत पाइप टेकवू नका. जागा तयार मिळते म्हणून मोह होतो, पण सगळा चिखल तिथेच साठतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. पाइप भिंतीपासून थोडा सुटा हवा, मागून पाण्याची धार मारून धुता येईल इतका.

सायलेन्सरच्या पाइपापासून निदान १० सेंमी दूर, आणि ते जमत नसेल तर मध्ये पत्र्याची आड लावा. डॉट ४ दर्जाचं ब्रेकचं तेल नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून घेतल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. डॉट ३ चं १४० पर्यंत. लांब घाटउतारावर तेल आधीच तापलेलं असतं, त्यात सायलेन्सरची भर नको. प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या, आसपासही पाइप नको: त्याचा जोड तुटला तर तो शाफ्ट चाबकासारखा फिरतो आणि वाटेतलं सगळं झोडपतो.

वायरिंग ब्रेक किंवा इंधनाच्या पाइपाला बांधू नका. जागा आयती मिळते म्हणून मागच्या दिव्यांची वायर पाइपाला बांधलेली गाडी मी पाहिली आहे. वायरीचं आवरण घासून उघडी तार पाइपाला टेकली की ठिणगी पाइपात भोक पाडू शकते, आणि तो इंधनाचा असला तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने दाबला जाणारा ब्रेकचा पंप, बॉडीवर असतो आणि पाइप चासीवर उतरतो. या दोघांमध्ये रबरी बुशा आहेत, म्हणजे खडबडीत वाटेवर बॉडी आणि चासी एकमेकांपासून हलतात. म्हणून सिलिंडरजवळ पाइपाचा एखादा वेढा किंवा मोठं नागमोडी वळण ठेवा. मूळ गाडीतला तो वेढा म्हणजे उरलेला पाइप गुंडाळून ठेवलाय असं समजून सरळ केलेले पाइप नटाच्या मुळाशी तुटतात.

क्लिपा

माझा हिशोब असा: दर ३० सेंमीला एक क्लिप, अगदी सरळ आणि आडोशाच्या पट्ट्यात फार तर ४५. वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक. लवचीक होज जिथे सुरू होतो तिथून १० ते १५ सेंमीच्या आत एक. सगळ्या लागल्या की दोन क्लिपांमध्ये बोटाच्या पेराने टिचकी मारा. पाइप चासीला लागून टणकला तर मध्ये आणखी एक लावा.

मूळच्या प्लॅस्टिकच्या, दोन-तीन पाइप वेगवेगळ्या खाचांत धरणाऱ्या क्लिपा नव्या मिळत असतील तर त्याच घ्या. पाणी साठत नाही, पाइप एकमेकांना लागत नाहीत. जुन्या परत लावू नका. त्या हातात घेताच तुटतात. नाही मिळाल्या तर रबर लावलेल्या पी-क्लिपा. माप नेमकं हवं: क्लिप मिटल्यावर पाइप आत फिरता कामा नये, पण रबर पिळवटून बाहेरही येता कामा नये. ४.७५ मिमी पाइपाला ५ मिमीची. ८ मिमीची क्लिप चेमटवून बसवलीत तर ती बोल्टपाशी धरते आणि पाइपाला सोडते.

रबर कुठलं हे विचारून घ्या. ईपीडीएम रबर ब्रेकच्या तेलाला दाद देत नाही, पण डिझेल-पेट्रोलमध्ये फुगतं. नायट्राइलचं उलट: इंधनात टिकतं, ब्रेकच्या ग्लायकॉल तेलात बिघडतं. मी एकदा एकाच पुड्यातल्या ईपीडीएम क्लिपा दोन्ही लाइनींना लावल्या. डिझेलच्या एका जोडातून जरासं पाझरत होतं. काही महिन्यांनी खाली शिरून पाहिलं तर ब्रेकच्या क्लिपा जशाच्या तशा, आणि डिझेलच्या क्लिपांचं रबर फुगून बाजूने बाहेर आलेलं. बोटाने ओढलं तर चिकट गोळा हातात. तेव्हापासून ब्रेकच्या आणि इंधनाच्या क्लिपा मी वेगळ्या डब्यांत ठेवतो.

उघडी धातूची क्लिप मऊ तांबं-निकेल पाइपावर नको. कडेने पाइप कापते, आणि दोन वेगळ्या धातूंमध्ये खारट पाणी आलं की गंजाला वेग येतो. आधी पोलादाची क्लिप जाते आणि मग पाइप लोंबकळतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ज्यांना सगळे झिप टाय म्हणतात, त्या वाट ठरवताना पाइप तात्पुरता धरायला उत्तम. कायमच्या मात्र नाहीत. त्या पाइपाला चासीपासून दूर ठेवत नाहीत. ज्या कडेवर तो घासणार, तिलाच त्याला बांधून टाकतात.

भोकं शक्यतो जुनीच वापरा. नवं पाडायचं झालं तर चासीच्या उभ्या भिंतीच्या मधल्या भागात. वरच्या आणि खालच्या पत्र्यावर ताण सर्वाधिक असतो, तिथे ड्रिल लावू नका. बंद पेटीसारख्या चासीत रिव्हेट नट (बाहेरूनच बसवता येणारा) लावा, पण आत काय जातंय ते आधी पाहा. स्वतःच आटे पाडणारा स्क्रू वापरू नका. पातळ पत्र्यात तो जेमतेम दोन आटे धरतो, थरथरीने सुटतो आणि आतलं टोक दुसऱ्याच वायरीत घुसतं. ६ मिमीचा बोल्ट आणि नायलॉनच्या कड्याचा नट बरा. भोकाच्या कडेला प्रायमर लावून वाळू द्या, मगच क्लिप.

क्लिप मिटण्याआधी पाइप कोरडा पुसा आणि रबराखाली सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा, म्हणजे पाणी शिरत नाही. खनिज तेलाचं साधं ग्रीस इथे नको, ईपीडीएम त्यानेही फुगतं. मेणाचा गंजरोधक थर द्यायचा असेल तर तो गाडी चालवून, गळती नाही याची खात्री झाल्यावर, आणि क्लिपांचं रबर सोडून. पाइप चासीतल्या भोकातून जात असेल तर तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारं कडं, हवाच.

दगड लागण्याजोग्या जागी, विशेषतः अ‍ॅक्सलवर, पाइपाभोवती पोलादी स्प्रिंगचं चिलखत घाला. तीही फ्लेअरच्या आधी ओवावी लागते. चिरलेली प्लॅस्टिकची नळी मला पसंत नाही: चिखल आत जातो, बाहेर येत नाही, आणि वरून सगळं छान दिसत राहतं.

जिथे हलायलाच हवं

अ‍ॅक्सलवरचा पाइप हौसिंगच्या मागच्या-वरच्या अंगाने न्या, पुढून नको. टी हौसिंगवर पक्का बोल्ट झालेला हवा. काही अ‍ॅक्सलांत तो हवा सोडणाऱ्या पोकळ बोल्टनेच धरलेला असतो, तिथे साधा बोल्ट घालू नका. आणि जॅक कुठे टेकवता ते आठवा! चिखलात घाईने लावलेला जॅक हौसिंगवरचा पाइप चेपतो. तेवढी जागा मोकळी सोडा, रंगाचा ठिपका द्या.

चासी आणि अ‍ॅक्सलमधल्या होजच्या वरच्या टोकाला ब्रॅकेट आणि दाबून बसणारी क्लिप किंवा लॉकनट असतं. ते सैल असेल तर होजचे सगळे हेलकावे धातूच्या पाइपाच्या फ्लेअरवर येतात. पाइपाचा नट आवळताना होजचं तोंड दुसऱ्या पान्याने धरा. होजवरची रेघ पिळलेली दिसली तर सोडून पुन्हा बसवा.

मग चासी जॅकने उचला, अ‍ॅक्सल पूर्ण लटकू द्या. होज ताणलेला नको, त्यात झोळ हवा. पुढची चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. नंतर एकच चाक जॅकने वर ढकला, म्हणजे एक बाजू दबलेली, दुसरी लटकलेली. होज टायरला, कमानपाट्याला, शाफ्टला कुठे टेकतो ते प्रत्येक स्थितीत हात घालून पाहा. सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीत मूळ मापाचा होज इथेच कमी पडतो. लांब होज घ्या किंवा ब्रॅकेट खाली आणा. हे सगळं सपाट जमिनीवर उभ्या गाडीखाली झोपून कळत नाही.

इंधनाची लाइन

टाकी, चासी आणि इंजिन तिघं वेगवेगळे हलतात, म्हणून टाकीपाशी आणि इंजिनपाशी रबरी होजचा छोटा तुकडा हवा. मधला सगळा पल्ला धातूचा ठेवा. अख्खी लाइन रबराची टाकणं सोपं वाटतं, पण काटक्या, उंदीर आणि उष्णता तिघांनाही रबर आवडतं.

कार्ब्युरेटरच्या लाइनीत दाब बारच्या काही दशांशांइतका, इंजेक्शनमध्ये साधारण ३ बार किंवा जास्त. इंजेक्शनला एसएई जे३० आर९ दर्जाचा होज घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुन्या पद्धतीचं रबर आतून सोलतं. पाइपाच्या टोकाला उठावदार कडं करा आणि होज त्याच्या पलीकडे निदान अडीच सेंमी चढवा. क्लॅम्प कड्याच्या मागे बसतो, कड्यावर नाही. खाचा असलेला पट्टीचा क्लॅम्प रबर कापतो. गुळगुळीत कडेचा, चारही बाजूंनी सारखा आवळणारा घ्या. ब्रेकच्या लाइनीत मात्र होज आणि क्लॅम्प, किंवा दाबून बसणारे कॉम्प्रेशन जोड, तात्पुरतेसुद्धा चालत नाहीत.

भरणं आणि तपासणं

ब्रेकची हवा बहुतेक गाड्यांत सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून काढतात. तुमच्या गाडीचा क्रम तिच्या पुस्तकात पाहा. हवा काढताना ब्रेकच्या तेलाच्या टाकीतलं तेल संपू देऊ नका. सिलिकॉनचं डॉट ५ बाकीच्यांत मिसळत नाही. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

इंजिन सुरू करून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय. दुसऱ्या माणसाने पेडल धरलेलं असताना प्रत्येक जोडाभोवती कोरडा पांढरा टिश्यू गुंडाळून पाहा. बोटाला न लागणारा थेंब कागदावर दिसतो. इंधनाला पंप चालू करून इंजिन बंद असतानाच एक फेरी, मग चालू इंजिनवर दुसरी. पहिली चाचणी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने, हँडब्रेक हाताशी ठेवून.

प्रत्येक नटावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर खाली शिरून बघा: रेघ तुटलेली असेल तर नट फिरलाय. चिखल धुण्याआधीही एकदा नजर टाका. वाळलेल्या चिखलात क्लिपेच्या तोंडाशी पाइपाभोवती बारीक चकाकती रिंग दिसली, तर तिथे पाइप सरकतो आहे. ती क्लिप त्याच दिवशी बदला.